कोसोको म्हणजे "कुदळ नाही": योरुबा नावं, शब्द आणि आपला धोंडू

पिंपळपान | 6 जुलै, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे दीड वर्ष झालं मी नायजेरियात लागोसला आहे, इकेजा भागात. एका लहान कंपनीत हिशेब बघते. आजूबाजूला बहुतेक सगळे योरुबा बोलणारे, त्यामुळे कानावर ती भाषा दिवसभर असते आणि आता थोडीफार ओळखीची वाटायला लागलीय.

परवा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सहज विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? आडनाव कोसोको. तो म्हणाला, "को सी ऑकॉ. कुदळ नाही." मला वाटलं शेतीवाडीशी संबंध असेल. मग त्याने सांगितलं. ज्या घरात मुलं एकापाठोपाठ एक दगावतात, तिथे पुढचं मूल जन्मलं की त्याला हे नाव देतात. म्हणजे बाळाला बजावतात: आता जाऊ नकोस, खड्डा खणायला घरात कुदळसुद्धा उरलेली नाही.

मी हातातला घास तसाच ठेवला. लहान लेकराला आपल्याकडेही पुरतातच, त्यामुळे कुदळीचा अर्थ मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. माझ्या पणजोबांचं नाव धोंडू. आधीची तीन भावंडं गेलेली, म्हणून चौथा धोंडू. आजी सांगायची, "धोंडा कुणाला हवाय? सटवाई बघणारसुद्धा नाही."

जाणकारांना विचारायचंय, योरुबात अशी नावं आणखी आहेत का? आणि हे लोक कुठलाही शब्द असा पटकन फोडून अर्थ सांगतात, तो प्रत्येक वेळी खरा धरायचा का? तुमच्या घरातली अशी नावंही सांगा.

(योरुबात काही अक्षरांखाली ठिपका देतात. ठिपक्याचा ओ मी 'ऑ' लिहितेय आणि ठिपक्याचा ए 'ॲ'.)

गोदाकाठ | 6 जुलै, रात्री 10:25

पिंपळपान ताई, तुम्ही मला चाळीस वर्षं मागे नेलंत. मी 1979 ते 1986 इबादानला शाळेत गणित शिकवत होतो. तेलाच्या पैशाचे दिवस होते, भारतातून शिक्षकांची मोठी फौजच तिकडे गेली होती. हजेरी घेताना नावांचे अर्थ विचारायची मला सवय लागली. मुलं हौसेने सांगत.

अशा मुलांना म्हणतात 'आबिकू'. आ म्हणजे जो, बी म्हणजे जन्मणं, कू म्हणजे मरणं. मरण्यासाठी जन्मलेला. समजूत अशी की तेच एक मूल पुन्हा पुन्हा येतं आणि आईला चटका लावून जातं. म्हणून नावातूनच त्याची विनवणी. माझ्या वर्गात एक मालॉमॉ होती, 'आता पुन्हा जाऊ नकोस'. एक दुरोजाये होता, 'थांब, जगण्याची मजा घे'. कोकूमॉ म्हणजे 'आता मरणार नाही'. दुरोसिनमी ऐकून तर पोटात तुटायचं, 'मला मूठमाती द्यायला तरी थांब'.

ही झाली विनवणीची नावं. दुसरी जात तुमच्या धोंडूची. आजा म्हणजे कुत्रा. इग्बॅकॉयी, 'रानानेही नाकारलेला'. आणि आकितान. आकितान म्हणजे उकिरडा. आपला केरू आणि हा आकितान एकाच वर्गात शेजारी बसवावेत असे आहेत.

जाता जाता: कोसोको नावाचा लागोसचा राजाही होऊन गेला, 1845 ते 1851. इंग्रजांनी तोफा डागून त्याला हटवलं. ज्याच्यासाठी घरात कुदळ नव्हती तो गादीवर बसला, हे मला फार आवडतं.

माणदेशी_माणूस | 6 जुलै, रात्री 10:41

आमचे चुलत आजोबा दगडूअण्णा. वय 91. अजून सकाळी स्वतः विहिरीवर जातात. नाव लागू पडलंय.

रानजाई | 6 जुलै, रात्री 11:02

वाचून गलबलले. माझ्या आजोळी कचरूमामा होते. जन्मल्यावर त्यांना खरोखर उकिरड्यावर ठेवलं, मग सुईणीने "कुणाचं गं हे पोर?" म्हणत उचलून आणलं आणि सव्वा रुपयाला आईलाच विकलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, "हा माझा नाही, विकतचा आहे." भिकू, भिकाजी हीसुद्धा त्यातलीच, मागून आणलेली. आणि मुलाचं नाक टोचून नाव नथू.

प्राचीनवेध | 7 जुलै, सकाळी 7:15

हा योगायोग नाही. दोन्ही संस्कृतींचं मूळ एकच आहे. योरुबात वडिलांना 'बाबा' म्हणतात. चपलेला 'बाटा' म्हणतात. 'ओरी' म्हणजे डोकं, हा आपला 'उर'. वेळेला 'वाकाती' म्हणतात, आपला 'वखत'. आणखी किती पुरावे हवेत? संस्कृत तिथवर पोचली होती, आपण अभ्यास करत नाही इतकंच.

टोकदार | 7 जुलै, सकाळी 8:03

उर म्हणजे छाती हो. डोकं नव्हे.

शब्दवेडी | 7 जुलै, दुपारी 1:30

प्राचीनवेध, तुमच्या चार उदाहरणांत एक खरं आहे. ते कसं खरं ते सांगते, कारण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

'बाबा' सोडून द्या. प, ब, म ही बाळाच्या तोंडून सर्वांत आधी निघणारी अक्षरं, त्यामुळे आईबापांना तसले शब्द जगभर सापडतात. 'बाटा' म्हणजे पादत्राण हे खरं, पण ती आताच्या झेक देशातली कंपनी 1894 ला निघाली ती संस्थापकाच्या आडनावावरून. तिचा योरुबाशी संबंध नाही आणि संस्कृतशीही नाही. वर 'बाटा' हाच शब्द दुसऱ्या सुरात म्हटला तर त्याचा अर्थ ढोल होतो.

'वाकाती' मात्र खरा नातेवाईक. पण संस्कृतकडून नव्हे. अरबी 'वक्त' वाळवंट ओलांडून व्यापाऱ्यांबरोबर आणि मौलवींबरोबर उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेत आला, तिथून योरुबात. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून आला आणि 'वखत' झाला. एकच शब्द दोन वाटांनी दोन टोकांना पोचला. तसाच 'आदुरा', प्रार्थना, म्हणजे आपला 'दुवा'. 'आलाफिया' म्हणजे शांती, खुशाली; ज्या अरबी धातूपासून तो आला त्याच धातूपासून आपली 'माफी' आली. आणि कांद्याला योरुबात म्हणतात 'आलुबॉसा', अरबी 'अल बसल'.

नातं शोधायचं तर एकट्या शब्दावर भागत नाही, ओळीने शब्द मांडावे लागतात. नायजर आणि बेन्वे नद्यांच्या संगमाजवळची इगाला भाषा घ्या. दोनला योरुबात 'एजी', इगालात 'एजी'. तीनला दोन्हीकडे 'ॲता'. चारला योरुबात 'ॲरिन', इगालात 'ॲलॅ'. पाचला 'आरून' आणि 'ॲलू'. बघा, जिथे योरुबाचा र, तिथे इगालाचा ल. असा ठरलेला फरक ओळीने दिसायला लागला की मग म्हणायचं, या बहिणी. नायजरच्या त्रिभुज प्रदेशातली इत्सेकिरी हीसुद्धा सख्खी. इग्बो आणि एदो जरा लांबच्या. तोंडाला योरुबात 'ॲनु', इग्बोत 'ऑनु'. कानाला 'एती' आणि 'न्ती'. हौसा मात्र शेजारीण, पण नात्यातली नाही; ती अरबीच्या मोठ्या कुळातली. आपल्या मराठी-कानडीसारखं समजा. अण्णा आणि अक्का शेजारून घरात आले, म्हणून कुळ एक होत नाही.

प्राचीनवेध | 7 जुलै, दुपारी 2:10

वखताचं पटलं. बाकी विचार करतो.

मडगांवकार | 7 जुलै, दुपारी 4:48

कांद्यावरून आठवलं. मी जहाजावर होतो, ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात दोनदा उतरलो. तिथे रस्त्यावर पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका 'आकाराजे' विकतात. चवळी भिजवून, साल काढून, वाटून, कांदा घालून पाम तेलात तळलेला वडा. मधे चिरून आत सुंगटं, म्हणजे कोळंबी. मला पहिल्या घासाला आमच्या घरची आठवण झाली.

लागोसला तोच वडा 'आकारा'. 'जॅ' म्हणजे खाणं. आकारा आणि जॅ मिळून आकाराजे. गुलाम करून जहाजातून नेलेल्या लोकांनी शब्द आणि पाककृती दोन्ही सांभाळलं. तिथल्या देवांची नावंही योरुबाच. शांगो, ओगून. समुद्राची देवी येमांजा, ती मूळची येमॉजा: 'येये ऑमॉ ॲजा', मासे जिची लेकरं ती आई. 2 फेब्रुवारीला साल्वादोरचे लोक तिला होड्यांतून फुलं वाहतात. आम्हां दर्यावर्दी माणसांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

उलट बाजूही आहे. सुटका झालेली काही कुटुंबं ब्राझीलहून परत लागोसला आली, त्यांना तिथे 'आगुदा' म्हणतात. गुड फ्रायडेला त्यांच्या घरी चवळीसारखं कडधान्य नारळाच्या दुधात शिजवतात, 'फ्रेजॉन'. पोर्तुगीज 'फेजांव' म्हणजे बीन्स. आमची गोव्यातली फेजवाद त्याच शब्दाची. लागोस हे नावसुद्धा पोर्तुगीजच, म्हणजे तळी. गावाचं खरं नाव एको.

पिंपळपान | 7 जुलै, रात्री 9:15

मडगांवकार, रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी आकारा तळते! मी त्याला चवळीची भजी म्हणते आणि पावात घालून खाते. इथेही पावात घालूनच खातात, हे बघून पहिल्या आठवड्यात इतका धीर आला होता.

शब्दवेडी, किती छान समजावलंत.

मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'ॲ कू'. काहीही करत असलात तरी त्याचा नमस्कार वेगळा. काम करणाऱ्याला 'ॲ कू इशॅ'. बसलेल्याला 'ॲ कू इजोको'. वाटेने चालणाऱ्याला 'ॲ कू इरिन'. खूप दिवसांनी भेटलात तर 'ॲ कू ऑजॉ मॅता', तीन दिवसांचा नमस्कार. आपण नाही का म्हणत, "काय हो, चार दिवसांत दिसला नाहीत"? आणि हा 'ॲ' म्हणजे आपलं आदराचं 'तुम्ही'. एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचन. मी एकदा चुकून वॉचमनकाकांना 'तू'चं रूप वापरलं तर शेजारची सात वर्षांची पोर माझ्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली.

शब्दवेडी | 7 जुलै, रात्री 9:50

त्या 'ॲ कू'वरून एका समाजाचं नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या नौदलाने गुलामांची जहाजं अडवून सोडवलेली माणसं सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनला उतरवली जायची. त्यांतले योरुबा बोलणारे एकमेकांना सतत 'ॲ कू, ॲ कू' करत, म्हणून बाकीचे त्यांना 'आकू' म्हणू लागले.

त्यांतलाच एक मुलगा अजायी. 1821 मध्ये त्याचं गाव लुटलं गेलं, त्याला पकडून विकलं. 1822 मध्ये जहाजातून सुटका. पुढे तो सॅम्युएल अजायी क्राउदर झाला. 1843 मध्ये त्याने योरुबाचा शब्दसंग्रह छापला, बायबलच्या भाषांतराचं काम हाती घेतलं, आणि 1864 मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. आपला मोल्सवर्थचा कोश 1831 चा, आणि तो केला परकीयाने. पंडित हाताशी होते, पण कोशावर नाव साहेबाचं. योरुबाचा सुरुवातीचा शब्दसंग्रह मात्र ती भाषा आईच्या तोंडून शिकलेल्या माणसाचा आहे. बारा-तेरा वर्षांचा असताना तोडलं गेलेलं पोर, आणि त्याने पहिलं काय केलं तर आपले शब्द गोळा केले. मला याचं फार मोल वाटतं.

'योरुबा' हे नाव मात्र त्यांचं त्यांनी ठेवलेलं नाही. उत्तरेकडचे हौसा लोक ओयोच्या राज्याला तशा नावाने ओळखत. लोक स्वतःला ओयो, इजेशा, एग्बा, एकिती म्हणायचे. सगळ्यांना मिळून एक नाव हे नंतरचं.

सांबळ | 8 जुलै, सकाळी 6:55

सुरांबद्दल कुणीतरी नीट लिहा ना. एकच शब्द तीन प्रकारे म्हणजे नक्की काय?

गोदाकाठ | 8 जुलै, सकाळी 9:20

सांबळ, मला जसं शिकवलं तसं सांगतो. तिथल्या शाळेत खालचा, मधला, वरचा असे तीन सूर 'डो रे मी' म्हणून शिकवतात. म्हणजे आपले सा रे ग. आता 'ऑकॉ' म्हणा. रे-रे म्हटलं तर नवरा. रे-ग म्हटलं तर कुदळ, कोसोकोमधली तीच. रे-सा म्हटलं तर वाहन. सा-सा म्हटलं तर भाला. मी पहिल्या वर्षी बसथांब्यावर एका बाईंना "नवरा केव्हा येणार?" असं विचारत असे. त्या शांतपणे सांगायच्या, "माझा की बसचा?"

तसंच 'इग्बा'. रे-रे म्हणजे दोनशे, रे-ग म्हणजे तुंबा, सा-सा म्हणजे काळ.

म्हणूनच त्यांचा ढोल बोलतो. दुंदुन नावाचा, डमरूच्या आकाराचा, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या दोऱ्या. काखेत धरून दोऱ्या आवळल्या की सूर चढतो. वादक शब्दांचे सूर वाजवतो आणि ऐकणारा त्यावरून वाक्य ओळखतो. लग्नात ढोलवाला तुमच्या घराण्याची स्तुती वाजवत जवळ येतो, आणि लोकांना ती कळते.

सांबळ | 8 जुलै, सकाळी 9:41

म्हणजे तबल्याचे बोल उलटे फिरवल्यासारखं. आपण वाजवायचं ते आधी तोंडाने बोलतो, ते बोलायचं ते वाजवतात. आजचा रियाज बाजूला, आता दुंदुन ऐकत बसतो.

टोकदार | 8 जुलै, दुपारी 12:12

गोदाकाठ काका गणिताचे आहेत म्हणून विचारतो. त्यांचे आकडे फार अवघड असतात असं ऐकलंय.

गोदाकाठ | 8 जुलै, दुपारी 3:05

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय!

सगळं विसांवर चालतं. वीस म्हणजे 'ओगून'. चाळीस 'ओगोजी', म्हणजे विसा दोन. साठ 'ऑगॉता', विसा तीन. आता पन्नास कसे सांगाल? साठात दहा कमी, 'आआदॉता'. आणि पंचेचाळीस? पन्नासात पाच कमी. म्हणजे तीन विसा, त्यातून दहा काढा, त्यातून पाच काढा. एका शब्दात तीन क्रिया, आणि बाजारातली आजी ती श्वासात म्हणून टाकते. अकरा ते चौदा दहात मिळवून होतात, पण पंधरापासून लगेच विसाकडे बघायला लागतात: विसात पाच कमी, चार कमी, तीन, दोन, एक.

वर्गात मी मुलांना सांगितलं की माझ्या भाषेतही असं आहे. एकोणीस म्हणजे 'एक ऊन वीस', एकाने कमी वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे तसेच. वर्गाला इतका आनंद झाला! आपण फक्त एकच वजा करतो, ते पाचापर्यंत जातात, एवढाच फरक. आणि विसांनी मोजणं आपल्या आज्यांनाही होतंच की, "तीन विसा आंबे". कोडी म्हणजे वीस.

यामागे कवड्या आहेत. तिकडे शेकडो वर्षं कवडी हेच चलन. चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळा म्हणजे दोन हजार, आणि वीस हजारांचं एक पोतं, त्याला म्हणत 'ऑकॅ'. तो शब्द वीस हजार या अर्थानेही वापरतात. आता खरी गोष्ट: त्या कवड्या तिथल्या समुद्रातल्या नव्हेत, मालदीवच्या. बंगालच्या किंवा लंकेच्या बंदरातून युरोपला जायच्या, तिथून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावर. आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. इंग्रजीतला कवडीचा शब्दसुद्धा आपल्या इकडूनच गेलेला. आपण 'कवडीमोल' म्हणतो. मला इबादान सोडल्यापासून तो शब्द सहज उच्चारता येत नाही.

मडगांवकार | 8 जुलै, दुपारी 3:30

हे माहीत नव्हतं. आमच्याच दर्याची कवडी.

रानजाई | 8 जुलै, सायंकाळी 6:18

मूळ प्रश्नातला दुसरा भाग, शब्द फोडायचा तो. कुणी सांगेल का?

शब्दवेडी | 8 जुलै, रात्री 8:45

सांगते. योरुबात पुष्कळ शब्द खरोखर जोडलेलेच असतात आणि जोड उघड दिसतो, म्हणून बोलणाऱ्याला तो फोडायची सवय असते. 'ओनी' म्हणजे मालक, धारक, आपला '-वाला' किंवा '-दार'. पुढच्या स्वराप्रमाणे तो रूप बदलतो. 'ओवो' पैसा, 'ओलोवो' श्रीमंत. 'ओरी' डोकं, 'ओलोरी' पुढारी. 'ऑरुन' आकाश, 'ऑलॉरुन' आकाशाचा धनी, म्हणजे देव. 'ऑपा' म्हणजे काठी, आणि 'ऑलॉपा' म्हणजे पोलीस! काठीवाला. आपल्या वारीतले चोपदार आठवा. फारसी 'चोब' म्हणजे काठी, चोपदार म्हणजे काठी धरणारा. अगदी तीच घडण, दोन वेगळ्या भाषांत.

नवे शब्दही याच मुशीतले. दूरचित्रवाणी म्हणजे 'आमोहुनमावोरान', आवाज पकडतो, चित्र पकडतो तो. इंटरनेटला 'आयेलुजारा', जग आरपार एकमेकांत उघडणं. आणि रेडिओला 'आसॉरॉमाग्बेसी': बोलतो पण उत्तर ऐकून घेत नाही तो.

पण फोड सोपी असते म्हणून खोटी फोडही सोपी असते. कुठलाही लांब शब्द घेतला की दोन-तीन अक्षरांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला काहीतरी अर्थ असतोच. सूर सोडून दिले तर काय वाटेल ते सिद्ध करता येतं. तिकडेही आपली भाषा इजिप्तहून आली, मक्केहून आली असं मांडणारे झाले. आपल्याकडे व्हॅटिकनला वाटिका म्हणणारे आहेत. म्हणून मी आधी सुराची परीक्षा लावते. फोडलेल्या तुकड्यांचे सूर जोडल्यावर शब्दाचे सूर बरोबर निघतात का? कोसोको या परीक्षेत उतरतो. तुमच्या सहकाऱ्याने खरंच सांगितलं, पिंपळपान ताई.

टोकदार | 8 जुलै, रात्री 9:02

रेडिओचा शब्द आमच्या घरी एका व्यक्तीला लागू करून झाला आहे. ऐकून घेत नसल्यामुळे तिला कळलेलं नाही.

लॅबवाली_ताई | 9 जुलै, सकाळी 10:30

मी विदर्भात रक्त तपासणीचं काम करते. आबिकू वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एकाच घरात एकामागून एक मूल जाणं, मधलं एखादं धडधाकट राहणं, हे आमच्या कामात ओळखीचं चित्र आहे. सिकलसेल, रक्तातला आनुवंशिक आजार. आई आणि बाप दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. नायजेरियात या आजाराचं प्रमाण फार मोठं आहे, आणि आबिकूच्या समजुतीमागे तो असावा असं डॉक्टरांनीही मांडलंय. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला. तिकडे तसं, इकडे गडचिरोली-नंदुरबारला तसं.

ताई, तिथे लग्नाआधी तपासतात का?

पिंपळपान | 9 जुलै, दुपारी 1:15

हो! इथे तरुण मुलंमुली ओळख वाढली की सरळ विचारतात, "तुझा जीनोटाइप काय?" 'एए' म्हणजे दोष नाही, 'एएस' म्हणजे वाहक, ही अक्षरं सगळ्यांना पाठ. दोघं 'एएस' निघाले म्हणून प्रेम मोडल्याच्या गोष्टी मी ऑफिसात ऐकल्यात. मला सुरुवातीला तो प्रश्न विचित्र वाटायचा. आता वाटतं, हीच प्रार्थना आहे, 'मालॉमॉ'च, फक्त प्रयोगशाळेतून केलेली.

टोकदार | 9 जुलै, दुपारी 2:20

एक विषय राहतोय. आपल्याकडे 'नकुशा' आहे. तिला या यादीत बसवू नका. धोंडू आणि कोसोको ही नावं 'जगावं' म्हणून ठेवलेली. नकुशा हे नाव 'नको होतीस' म्हणून. साताऱ्यात 2011 मध्ये 285 मुलींची ही नावं समारंभाने बदलली तेव्हा मी तिथे होतो. एका मुलीने नवीन नाव फळ्यावर तीनदा लिहून बघितलं.

रानजाई | 9 जुलै, दुपारी 3:00

पटलं, पण पूर्ण नाही. माझ्या आत्याचं नाव नकोशी होतं, आणि आजी सांगायची की यमाला नको वाटावी म्हणून ठेवलंय. खरं काय ते आजीलाच ठाऊक. आत्याने मात्र आयुष्यभर पहिलाच अर्थ धरला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते शब्द फोडून हाती लागत नाही.

टोकदार | 9 जुलै, दुपारी 3:26

हे मान्य.

गोदाकाठ | 9 जुलै, सायंकाळी 5:50

थोडा आनंदही लिहितो. बाबातुंदे म्हणजे 'बाबा पुन्हा आले', आजोबा गेल्यावर जन्मलेला नातू. येतुंदे म्हणजे आई पुन्हा आली. आणि जुळी! योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात फार वरचं, इग्बो-ओरा गाव त्यासाठीच प्रसिद्ध. आधी येतो तो तायवो, 'जगाची चव बघून ये'. मागून येतो तो केहिंदे. पण मोठा मानतात केहिंदेला, कारण त्याने धाकट्याला बघून यायला पुढे पाठवलं. त्यांच्या पाठीवर होणारं मूल इदोवू, त्याच्या पाठीवर आलाबा. नाव ऐकलं की घरातली सगळी रांग कळते.

पिंपळपान | 13 जुलै, रात्री 10:05

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही घडायची वाट बघत होते. कोसोकोच्या बहिणीला मुलगा झाला, त्याचं बारसं काल होतं. इथे आठव्या दिवशी. ताटलीत मध, मीठ, पाणी, पाम तेल, कोलाची फळं. एकेक वस्तू बाळाच्या ओठांना लावायची आणि तिच्या नावावरून आशीर्वाद द्यायचा. कोलाला म्हणतात 'ओबी', आणि 'बी' म्हणजे ढकलणं, म्हणून 'हा मरणाला मागे ढकलो'. दुसरं कडू फळ 'ओरोग्बो', त्यात 'ग्बो' आहे, म्हातारं होणं, म्हणून 'हा म्हातारा होवो'. शब्दवेडी, हे भाषाशास्त्रात बसतं का माहीत नाही, पण म्हाताऱ्या आजीने ते म्हटलं तेव्हा सगळ्यांनी एकदम "आमीन" म्हटलं आणि मीही म्हटलं.

मग पाहुणे वाडग्यात पैसे टाकून एकेक नाव देतात. मला बोलावलं. मी आपल्या पद्धतीने बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं. सगळे हसायला लागले. नाव दिलं 'आयुष'. आजीने ते 'आयॉ' असं ऐकलं. आयॉ म्हणजे आनंद. मी दुरुस्त केलं नाही.

घरी सोडताना कोसोकोने विचारलं, "तुमच्या त्या दगडाच्या नावाच्या पणजोबांचं पुढे काय झालं?" म्हटलं, 86 वर्षं जगले. तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "ॲ शे, बाबा." म्हणजे, आभारी आहे, बाबा.

शब्दवेडी | 13 जुलै, रात्री 10:20

बसतं हो ताई. अगदी नीट बसतं.

माणदेशी_माणूस | 14 जुलै, सकाळी 8:10

सगळा धागा काल रात्री दगडूअण्णांना वाचून दाखवला. कुदळीचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना सांग, आपल्याकडं दोन हैत. पन दोन्ही ऊस लावायला लागत्यात."